पहिली सुरी घडवताना : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पाती घडविणाऱ्या स्त्रियांविषयी आणि भट्टीत पहिली सुरी कशी तयार होते याविषयी मी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी आठ पत्रे येथे घेतली आहेत. पुरुषांची पत्रे सरळ पोलाद, तेल, तापमान यांपासून सुरू होतात, तर बायकांच्या बहुतेक पत्रांत आधी ‘मला जमेल का?’ असे एक वाक्य येते आणि मग नेमका प्रश्न येतो. त्या वाक्याचे उत्तर पहिल्याच पत्राला दिले आहे. पुढच्या पत्रांमध्ये ते वाक्य मी गाळले आहे.

प्रश्न : माझे वय ४१ वर्षे, वजन ५२ किलो आहे आणि मनगट बारीक आहे. एका कार्यशाळेत चौकशी केली तेव्हा ‘ताई, घण उचलता येतो का?’ असा उलट प्रश्न आला. लोहारकामाला जी ताकद लागते ती माझ्यात नसेल, तर शिकण्यात अर्थ आहे का?

तुम्हाला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. घण हे दोन हातांनी, बहुधा दुसऱ्या माणसाने चालवायचे हत्यार आहे आणि ते जाड लोखंडासाठी लागते. स्वयंपाकघरातली सुरी जेमतेम ३-४ मिलिमीटर जाडीच्या पट्टीतून घडते. तिला ७०० ग्रॅम ते एक किलोचा हातोडा पुरतो, आणि पहिले काही महिने मी ७०० ग्रॅमच्याच बाजूने कौल देईन. हातोड्याचे वजन दुप्पट केले तर घावातली ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. जो हातोडा दहाव्या घावालाही हवा तिथेच पडतो, तोच आपला. तिसऱ्या घावाला तिरका पडणारा जड हातोडा फक्त कानशीचे काम वाढवतो.

ताकदीपेक्षा मोठी गोष्ट उष्णतेची आहे. नारिंगी रंगाचे, म्हणजे साधारण १००० अंश सेल्सिअसच्या आसपासचे पोलाद हातोड्याखाली सहज सरकते. तेच मंद लाल झाले की हट्टाला पेटते. नवशिक्यांचा दम जातो तो बहुतेक या थंडावलेल्या पट्टीवर घाव घालण्यात. पातळ पट्टीची उष्णता ऐरण शोषून घेते, त्यामुळे भट्टीतून बाहेर काढल्यावर हाताशी आठ-दहा सेकंदच असतात. तेवढ्यात सहा-सात नेमके घाव घालावेत आणि पट्टी परत भट्टीत ठेवावी. आणखी दोन घाव घालून घेऊ हा मोह आवरणे हेच पहिल्या महिन्यातले खरे शिक्षण. माझ्याबरोबर शिकणारा एक धिप्पाड तरुण लाल विझेपर्यंत ठोकत राही आणि दुपारपर्यंत त्याचा खांदा धरलेला असे. त्याच्या पात्यावर धारेला बारीक चिरा गेल्या, त्या वेगळ्याच.

आता अडचण खरोखर कुठे असते ते सांगते. ऐरण, हातोड्याचा दांडा, हातमोजे, मुखपट्टी हे सगळे सरासरी पुरुषाच्या मापाचे असते. ऐरणीसमोर सरळ उभे राहून हात सैल सोडावा आणि मूठ वळावी. बोटांची पेरे ऐरणीच्या माथ्याला जेमतेम टेकली पाहिजेत. मी शिकत होते तिथे ऐरण मला वीतभर उंच होती. प्रत्येक घावाला खांदा वर उचलावा लागे, मान आखडे, आणि हे काम आपल्यासाठी नाहीच असे मला दोन आठवडे मनापासून वाटत होते. मग कोणीतरी पायांखाली एक जाड, न डगमगणारी फळी टाकली. दुखणे त्याच दिवशी थांबले. दांडाही असाच. तो मुठीत धरल्यावर बोटांची टोके तळव्याच्या गादीला जवळजवळ टेकली पाहिजेत. जाड असेल तर लाकूड घासायच्या कानशीने घासून बारीक करावा, त्यात हत्याराचा अपमान होत नाही. पकड सैल ठेवावी आणि अंगठा दांड्याच्या पाठीवर दाबून ठेवू नये, कारण प्रत्येक घावाचा झटका थेट कोपरापर्यंत जातो आणि महिन्याभरात तिथे दुखणे घर करते.

कार्यशाळेत पुन्हा जा आणि ऐरणीची उंची किती आहे, एवढे विचारा. उत्तर देणाऱ्याला हा प्रश्न कळला, तर तिथे शिकायला हरकत नाही.

प्रश्न : घरात एक जुनी कानस, मोटारीच्या लीफ स्प्रिंगचा पाटा आणि बांधकामाची सळई पडून आहे. पहिल्या सुरीसाठी यांपैकी काय वापरावे?

यांपैकी काहीच वापरू नये. पोलाद कठीण होते ते त्यातल्या कार्बनमुळे, आणि बांधकामाच्या सळईत तो इतका कमी असतो की कितीही तापवून बुडवली तरी तिला टिकणारी धार येत नाही. लीफ स्प्रिंगचे पोलाद बहुधा चांगले असते, पण वर्षानुवर्षे वाकून त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडलेल्या असू शकतात, आणि त्या पाते पूर्ण झाल्यावरच तोंड दाखवतात. कानशींत तर दोन जाती आहेत. चांगल्या कानशी आरपार कठीण पोलादाच्या असतात, काही स्वस्त कानशींना नुसते वरचे कवच कठीण केलेले असते, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

पहिल्या सुरीसाठी ‘१०८४’ या नावाने ओळखली जाणारी साधी कार्बन पोलादाची पट्टी घ्यावी. या आकड्यातले शेवटचे दोन अंक कार्बन सांगतात, म्हणजे तो साधारण ०.८४ टक्के असतो. हे पोलाद कठीण करण्यासाठी फार काटेकोर भट्टी लागत नाही आणि ते नवशिक्याच्या बऱ्याच चुका पोटात घालते. ‘१०९५’ हे त्याचे भावंड ऐकायला अधिक भारदस्त वाटते, पण त्याला फार वेगाने थंड करावे लागते. त्याच्या वाटेला तिसऱ्या-चौथ्या सुरीनंतर जावे. न गंजणाऱ्या पोलादाला १००० अंशांहून अधिक तापमान नियंत्रित भट्टीत ठराविक वेळ धरून ठेवावे लागते, ते उघड्या भट्टीचे काम नाही.

माहीत नसलेले पोलाद वापरले आणि सुरी बिघडली, तर चूक हाताची, उष्णतेची की पट्टीची हे कधीच समजत नाही. पैसे वाचतात आणि शिकणे वाया जाते.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. जस्ताचा मुलामा असलेले काहीही भट्टीत घालू नये. जस्त ९०७ अंशांना उकळते, त्याचा पांढरा धूर छातीत जातो आणि काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. नट-बोल्ट असोत की तारा, नियम एकच.

प्रश्न : मी धारेची बाजू ठोकून पातळ करू लागले की पाते केळ्यासारखे पाठीकडे वळते. सरळ करायला जावे तर धार दुमडते. शिवाय टोकाशी दोन ओठांसारखी फट पडली आहे आणि ती कितीही ठोकली तरी मिटत नाही. कुठे चुकते आहे?

चूक क्रमात आहे. हातोडा धारेवर पडतो तेव्हा तिथले पोलाद पातळ होते आणि पातळ होताना लांबतेही. पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड बाजू, मात्र तेवढीच राहते. एका बाजूला लांबी वाढली आणि दुसरीकडे नाही, तर पट्टी आखूड बाजूकडे वळणारच. यावर जुना उपाय असा की धार ठोकण्यापूर्वीच पट्टी उलट्या दिशेने, म्हणजे धारेच्या बाजूला, मुद्दाम वाकवून घ्यायची. दिसायला ती एखाद्या कोयत्यासारखी विचित्र दिसते. मग धार उतरवत गेले की पाते आपले आपण सरळ होत येते. किती वाकवायचे याचा अंदाज दुसऱ्या-तिसऱ्या पात्याला येतो. पहिल्या खेपेला थोडे जास्तच वाकवावे, कारण उरलेला बाक पाठीवर हलके ठोकून काढता येतो. दुमडलेली धार मात्र सहसा पूर्ववत होत नाही.

टोकाची फट ही फार ओळखीची तक्रार आहे. चौकोनी पट्टीचे टोक कडांवरून ठोकून निमुळते करताना वरचा थर मधल्या भागापेक्षा वेगाने पुढे धावतो आणि मध्ये माशाच्या तोंडासारखी खाच राहते. ती मिटल्यासारखी दिसली तरी आत जोड बसलेला नसतो. तेल किंवा पाण्याच्या धक्क्याने तिथूनच चीर जाते. तुमच्या पात्याची फट जिथे संपते त्याच्या पुढे ३-४ मिलिमीटर मोजा आणि तेवढे टोक सरळ कापून टाका. सुरी थोडी आखूड होईल. पुढच्या वेळी पट्टीचा एक कोपरा करवतीने आधीच तिरका कापा आणि त्या कापाची बाजू पाठीकडे ठेवून मग टोक घडवा.

पुढचा क्रम मी असा ठेवते. पट्टी ४ मिलिमीटर जाड, ३० मिलिमीटर रुंद आणि जवळजवळ अर्धा मीटर लांब घ्यावी. सुरीला एवढी लांबी लागत नाही, पण पट्टीचे दुसरे टोक हातात धरण्याइतके थंड राहते आणि सांडशीची गरज पडत नाही. मापाची नसलेली सांडशी हे नवशिक्याच्या अर्ध्या अपघातांचे मूळ असते, त्यामुळे पहिल्या सुरीपुरती ती सुट्टीवर पाठवावी. आधी टोक घडवावे, मग पाते टोकाकडे हळूहळू पातळ करत न्यावे, म्हणजे पाठ मुठीशी ३ मिलिमीटर असेल तर टोकाजवळ दीडच्या आसपास येईल. त्यानंतर पट्टी उलटी वाकवावी आणि शेवटी धार उतरवावी. धार दोन्ही बाजूंनी सारखी ठोकावी. एका बाजूला पाच घाव आणि दुसऱ्या बाजूला नऊ पडले, तर पाते पंख्याच्या पात्यासारखे पिळते. मुठीजवळचा भाग ४० ते ४५ मिलिमीटर रुंद झाला पाहिजे, नाहीतर कापताना बोटांची पेरे फळीवर आपटतात. शिकाऱ्याच्या चाकूची चित्रे डोळ्यांसमोर ठेवून घडवलेल्या पहिल्या सुऱ्या इथेच फसतात : पाते अरुंद, पाठ जाड, आणि दिसायला मात्र रुबाबदार.

हातोड्याने धार फार पातळ करण्याचा हट्ट धरू नये. दीड मिलिमीटरवर थांबावे आणि उरलेले काम कानशीला किंवा यंत्राच्या फिरत्या घासपट्ट्याला द्यावे. आणखी एक, प्रत्येक तापानंतर पात्यावरची काळी खपली ब्रशने झाडून टाकावी. ती तशीच राहिली तर पुढचा घाव ती पोलादात रुतवतो आणि तिचे व्रण शेवटच्या पॉलिशपर्यंत सोबत येतात.

प्रश्न : पोलादाला पाणी द्यायचे म्हणून मी तापलेले पाते बादलीतल्या पाण्यात बुडवले. ‘टिक्’ असा बारीक आवाज आला आणि धारेला उभी चीर गेली. इतक्या मेहनतीचे पाते गेले. काय करायला हवे होते?

हा आवाज मीही ऐकला आहे. माझे पहिले पाते असेच गेले, मुठीपासून दोन बोटांवर, आणि हातोड्याच्या शेकडो घावांपेक्षा तो एवढासा आवाज माझ्या अधिक लक्षात आहे.

थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. आपण पोलादाला पाणी देतो, धारेला पाणी असते, पाणीदार हत्यार असते. म्हणून हात आपोआप बादलीकडे जातो. पाणी देणे म्हणजे खरे तर तापलेले पोलाद इतक्या वेगाने थंड करणे, की त्यातल्या कार्बनला निसटायला वेळच मिळू नये. किती वेगाने, हे पोलाद ठरवते. १०८४ला गरम केलेले वनस्पती तेल बहुधा पुरते. पाणी त्याहून कितीतरी वेगाने उष्णता ओढते; पातळ धार आधी आक्रसते, जाड पाठ मागून येते, आणि त्या ओढाताणीत धार तुटते.

पण तेल वापरून सगळे साधेल असे नाही, त्याआधीची तयारी अधिक महत्त्वाची आहे. ठोकून ठोकून पोलादात ताण साचलेला असतो आणि वारंवार तापवल्याने त्याचे कण मोठे झालेले असतात. म्हणून पाते तीन वेळा तापवून नुसत्या स्थिर हवेत थंड होऊ द्यावे. पहिल्यांदा साधारण ८७० अंशांपर्यंत, मग प्रत्येक वेळी थोडे कमी. त्यानंतर धार घासून पाऊण ते एक मिलिमीटरवर आणावी. त्याहून पातळ धार तेलात वेडीवाकडी होते.

आता प्रत्यक्ष कठीण करण्याचा क्षण. भट्टीच्या जागी उजेड मंद ठेवावा, कारण उन्हात रंग फसवतात. पोलादाला ७७० अंशांच्या सुमारास चुंबक धरत नाही. दोरीला बांधलेले चुंबक पात्याला लावून ही खूण तपासावी आणि मग पाते आणखी थोडे, म्हणजे सुमारे ८१५ अंशांपर्यंत, एकसारखे तापू द्यावे. अंधारात नीट पाहिले तर एक विलक्षण गोष्ट दिसते. लाल होत चाललेल्या पात्याच्या आत गडद सावल्या तरळू लागतात, जणू पाण्यावरून ढगाची सावली सरकते आहे. पोलादाची आतली रचना बदलताना ते उष्णता पिऊन घेत असते, म्हणून तेवढा भाग काळवंडतो. पातळ टोक आणि धार यांच्या सावल्या आधी विरतात, पाठीची शेवटी. शेवटची सावली गेली, रंग सगळीकडे सारखा झाला, की क्षणभर थांबून पाते तेलात न्यावे. चुंबकाने काम भागते हे खरे, पण सावली ओळखायला शिकलेला माणूस चुंबक फारसे बाहेर काढत नाही.

तेल ५० ते ५५ अंशांपर्यंत कोमट असावे. थंड तेल घट्ट असते आणि उष्णता सावकाश ओढते. भट्टी ते तेल हे अंतर एका पावलाचे हवे, कारण साधारण ८०० पासून ५४० अंशांच्या खाली येण्यासाठी या पोलादाला एका सेकंदाच्या आसपासचाच अवकाश असतो. पाते टोकाकडून सरळ खाली न्यावे आणि धार-पाठ या दिशेने पुढेमागे हलवावे. आडवे हलवले तर ते एका बाजूने आधी थंड होऊन वाकते. भांडे खोल, धातूचे आणि झाकण असलेले असावे, प्लास्टिकचे कदापि नको. तेलाने पेट घेतला तर झाकण घालावे. त्यावर पाणी ओतणे म्हणजे आग घरभर पसरवणे.

बाहेर आलेल्या पात्यावर कानस फिरवून पाहावी. ती काचेवरून घसरावी तशी घसरली, तर पाते कठीण झाले. या घडीला ते काचेइतकेच ठिसूळही असते. हातातून फरशीवर पडले तर दोन तुकडे होऊ शकतात, म्हणून उद्या करू असे न म्हणता त्याच दिवशी ते २०० अंशांवर दोन तास, मग थंड करून पुन्हा दोन तास ठेवावे. घरातला साधा ओव्हन चालतो. मात्र त्याच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नये, आत वेगळा तापमापक ठेवावा. घासलेल्या पोलादावर फिकट सोनेरी, गव्हाच्या काडीसारखा रंग चढला की काम झाले.

तुमचे तडकलेले पाते फेकू नका. ते शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडून, डोळ्यांवर चष्मा लावून आणि वर जाड कापड टाकून तोडा, आणि तुटलेली कड उजेडात धरा. मी माझे तोडले तेव्हा मुठीकडचा भाग राखाडी मखमलीसारखा होता आणि टोकाकडचा भाग साखरेसारखा चमचमत होता. म्हणजे टोक मी गरजेपेक्षा फार तापवले होते आणि कण फुगले होते. भट्टीत टोक नेहमीच आधी तापते. ते पुढे सारून पाठ ज्वाळेत आणायची, हे मला त्या तुकड्याने शिकवले.

प्रश्न : स्त्रिया या क्षेत्रात आत्ता आत्ता येऊ लागल्या आहेत का? माझे सासरे म्हणतात की हे काम पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचेच होते.

सासऱ्यांना इंग्लंडमधील क्रॅडली हीथ या गावाची हकिगत सांगा. तिथे घराच्या मागच्या अंगणातल्या छोट्या भट्ट्यांवर बायका हातोड्याने साखळ्यांच्या कड्या घडवीत. १९१० मध्ये मालकांनी कायद्याने ठरलेला तासाला अडीच पेन्स हा किमान दर द्यायला टाळाटाळ केली, तेव्हा मेरी मॅकआर्थर यांच्या नेतृत्वाखाली या बायकांनी दहा आठवडे लढा दिला आणि दर मिळवला. चौदाव्या शतकातील होल्कम बायबल या सचित्र हस्तलिखितात लोहाराची बायको स्वतः ऐरणीवर खिळे घडवताना दिसते. चित्रातला प्रसंग तिच्या बाजूचा नाही, कारण ते खिळे येशूच्या क्रुसाचे आहेत आणि लोहाराने नकार दिल्यावर तिने हातोडा उचलला, अशी ती कथा आहे. पण बाई ऐरणीपाशी उभी आहे याचे चित्रकाराला नवल वाटलेले दिसत नाही. सुऱ्या-काट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शेफील्ड शहरात पात्यांना झिलई देण्याचे मळकट काम मोठ्या प्रमाणावर बायकाच करीत. त्या अंगाला खाकी कागद गुंडाळून आणि डोक्याला फडके बांधून चाकासमोर बसत. पात्यावरचा शिक्का मात्र कारखानदाराचा असे.

मनाईदेखील खरी होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. जपानमध्ये वाळूतल्या लोखंडापासून पोलाद तयार करणाऱ्या ‘तातारा’ भट्टीजवळ स्त्रियांना येऊ देत नसत. गंमत अशी की त्या भट्टीचे दैवत, कानायागो, हीच मुळी देवी आहे. तिला दुसऱ्या बायका खपत नाहीत, असे कारण सांगितले जाई. हे कारण देवीला कोणी विचारून घेतले, ते सांगणाऱ्यांनी सांगितलेले नाही.

आजचा एक दाखला. पाती घडविणाऱ्यांची ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’ ही संस्था १९७६ मध्ये स्थापन झाली. तिच्या परीक्षेत स्वतः घडवलेल्या एकाच पात्याने लोंबता जाड दोर एका घावात कापायचा, लाकडाचा जाड दांडका दोनदा तोडायचा, त्यानंतरही त्याच धारेने हातावरची लव उतरवून दाखवायची आणि शेवटी ते पाते शेगड्यात ९० अंशांपर्यंत वाकवायचे. ते तुटता कामा नये. ‘मास्टर स्मिथ’ या पदवीसाठी हेच सारे किमान ३०० थरांच्या दमास्कस, म्हणजे पोलादाचे थर एकजीव करून घडवलेल्या, पात्याने करावे लागते. ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या स्त्रीचे नाव ऑड्रा ड्रेपर. दोर आणि दांडका सगळ्यांना सारखाच असतो.

प्रश्न : मला तिसरा महिना सुरू आहे. भट्टीचे काम चालू ठेवता येईल का?

भट्टी आत्ता बंद ठेवा, असे माझे स्पष्ट मत आहे. अंतिम शब्द तुमच्या डॉक्टरांचा. गॅसच्या किंवा कोळशाच्या भट्टीतून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला वायू निघतो. तो गर्भाशयातली वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोहोचतो आणि बाळाच्या रक्ताला अधिक घट्ट चिकटून राहतो, म्हणून आईला त्रास जाणवण्याइतकी पातळी नसतानाही बाळाला धोका असू शकतो. त्यात उष्णता आणि घासण्याची धूळ आलीच. मुठीचे आराखडे काढणे, कागदी नमुने कापणे ही कामे राहू द्या. आणि जी गरोदर नाही तिनेही, किंवा त्यानेही, बंद खोलीत भट्टी पेटवू नये आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र भिंतीला लावावे.

प्रश्न : मी चौथ्या मजल्यावर राहते, भट्टी ठेवणे अशक्य आहे. नुसत्या कानशीने केलेली सुरी ‘खरी’ म्हणता येईल का? शिवाय कामाच्या वेळी कपड्यांचे काय करावे?

येईल. चांगल्या पट्टीतून आकार कापून, कानशीने धार उतरवून आणि कठीण करण्याचे काम बाहेर देऊन केलेली सुरी कापण्यात कुठेही कमी पडत नाही. पोलादाला धार धरायला लावतो तो तापवण्याचा आणि थंड करण्याचा क्रम. पट्टी ठोकल्याने ते जादूने सुधारते, हा गोड गैरसमज आहे. कानशीवर शिकलेल्या हाताला पात्याची जाडी बोटांनी कळू लागते, आणि पुढे भट्टी मिळाली तर ते फार उपयोगी पडते.

कपडे सुती असावेत. कृत्रिम धागा ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. केस बांधून झाकावेत. ओढणी, सैल बाही, अंगठ्या आणि गळ्यातली साखळी घरी ठेवावी. भोक पाडण्याच्या यंत्रावर किंवा झिलईच्या चाकावर हातमोजे घालू नयेत, कारण मोजा अडकला की हातही ओढला जातो. धुळीची मुखपट्टी लहान मापाची मागून घ्यावी. हवा आत येते ते भाग हाताने झाकून श्वास आत ओढल्यावर ती चेहऱ्याला चिकटली नाही, तर ती नुसती शोभेची आहे.

प्रश्न : सुरी एकदाची पूर्ण झाली. कागद सुरेख कापते, हातावरची लव उतरवते. पण गाजर कापायला घेतले की ते कापले न जाता कडकन फुटते. धार पुन्हा लावावी का?

धार लावून उपयोग होणार नाही, कारण धार चांगलीच आहे. तिच्या मागचे पाते जाड आहे. कागदाला आणि लवेला फक्त कड लागते. गाजरात मात्र सगळे पाते आत शिरावे लागते, आणि जाड पाते पाचरीसारखे वागून फोडी दूर ढकलते. धारेच्या अगदी मागे जाडी मोजून पाहा. ०.३ मिलिमीटरच्या आसपास असावी; पहिल्या सुरीत ती बहुधा ०.८ निघते, कारण कठीण करण्यापूर्वी ठेवलेली जाडी तशीच राहून जाते.

पाते पुन्हा घासायला घ्या, पण आता ते कठीण केलेले आहे हे विसरू नका. घासताना हात उघडे ठेवा, यंत्रावर एकदा फिरवले की पाण्यात बुडवा, आणि बोटांना सोसेनासे होईल इतके तापू देऊ नका. कडेला निळा रंग दिसला, तर तिथले पोलाद ३०० अंशांच्या आसपास जाऊन मऊ पडले आहे असे समजा आणि तेवढा भाग घासून काढा. शक्य असेल तर शेवटचे पाव मिलिमीटर यंत्राऐवजी पाण्याच्या दगडावर, म्हणजे भिजवून वापरायच्या धारेच्या दगडावर, हातानेच उतरवा. त्याला दोन संध्याकाळी लागतील. मग दोन्ही बाजूंनी सुमारे १५ अंशांचा कोन धरून नवी धार लावा. मधूनमधून गाजर कापून पाहत राहा. आवाज न करता सुरी फळीपर्यंत पोहोचली की थांबा, पाते पुसून कोरडे करा आणि तेलाचा एक हात फिरवून ठेवा. हे पोलाद ओले राहिले तर काही तासांतही गंजते.